सहा कानांची गिटार

लेक कवळ्या करतो, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी ओठ मिटून घेतो, हा आईचा अनुभव. मग जरा सावरून विचारतो, "म्हणजे डेंटिस्ट का?" मग आईला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. डेंटिस्ट नाही. डेंटिस्ट तोंडाचा ठसा घेतात आणि ह्याच्याकडे पाठवून देतात. हा एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, मेण आणि प्लास्टरच्या वासात, डोळ्याला भिंग लावून बसतो आणि त्या ठशावरून एकेक दात बसवतो. खोटा दात शेजारच्या खऱ्या दातासारखा दिसला पाहिजे, एवढंच त्याचं काम. पण त्या 'एवढंच'मध्ये त्याची उमेदीची वर्षं गेली. पांढरा असा काही एक रंग नसतोच, हे त्याच्याशी बोलताना कळतं. त्याच्या खिशात दातांच्या छटांची एक पट्टी असते, रंगाच्या दुकानात मिळते तशी, आणि कुणाकडे जेवायला गेलं तरी त्याचं लक्ष ताटाकडे नसतं, यजमानांच्या तोंडाकडे असतं.

"काकांचा वरचा डावा खोटा आहे," परत येताना तो सांगतो. "आणि छटा एक घर चुकलीय."

"निदान लोकांच्या तोंडावर बोलत जाऊ नकोस."

"तोंडावर कुठे बोललो? रस्त्यात बोलतोय."

असा हा माणूस. चाळिशी उलटलेली, केस मागे सरकलेले, स्वभावाने गरीब. व्यसन म्हणाल तर एकच, आणि ते मागच्या खोलीत भिंतीला लागून रचून ठेवलेलं आहे.

मागची खोली खरं तर अडगळीची. आता तिथली अडगळ बाहेर आलीय आणि आत पेट्या आहेत. आई त्यांना पेट्याच म्हणते, कारण त्यांची खरी नावं गाडीच्या नंबरप्लेटसारखी आहेत. पेट्यांच्या दोन जाती, एवढं तिला इतक्या वर्षांत पक्कं समजलंय. पहिली जात मॉडेलिंग प्रोसेसर. पूर्वी गिटारवाले कपाटाएवढाले अॅम्प्लिफायर घेऊन हिंडायचे. प्रत्येकाचा आवाज निराळा. कुणाचा घसा बसल्यासारखा, कुणाचा काचेसारखा. त्या सगळ्या कपाटांची नक्कल या एका चपट्या पेटीत भरलेली असते. पायाने बटण दाबलं की कपाट बदललं. दुसरी जात गिटार सिंथेसायझर. ही जास्त चमत्कारिक. छेडायची गिटारची तार आणि ऐकू येते बासरी. किंवा व्हायोलिन. किंवा बहुधा पाण्याखाली वाजवत असावेत असं कुठलंतरी वाद्य. त्यासाठी गिटारच्या तारांखाली एक बारीक पट्टी चिकटवावी लागते.

"प्रत्येक तारेला एकेक स्वतंत्र कान," लेकाने समजावलं होतं. "सहा तारा, सहा कान."

"मला दोन आहेत, तरी तुझं निम्मं कळत नाही," आई म्हणाली होती.

या दुसऱ्या जातीत एक खोड आहे. तार छेडली की पेटी क्षणभर विचार करते आणि मगच बासरी वाजते. जुन्या पेट्या जास्त विचार करतात, नव्या कमी. हा जो मधला क्षण, तो कमी करण्यासाठी जगभरातली हुशार माणसं झटतायत, असं लेक सांगतो. आईला त्यात नवल वाटत नाही. त्याला जेवायला हाक मारली की तोही असाच येतो.

या व्यसनात त्याचे दोन सोबती. एक लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. आडव्या बांध्याचा, हळू आवाजाचा. घरात आल्यावर बूट काढायच्या आधी तो सांगणार, "तुमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर कण्हते." दुसरा मास्तर, शाळेत भूगोल शिकवणारा. त्याचा आवाज घरातसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत जातो. दोघंही लेकाला 'कवळी' म्हणतात. "कवळी आहे का?" असं दारात विचारतात. नव्या कामवाल्या बाईंनी एकदा आतून धुऊन आणलेली खरी कवळी, म्हणजे आईची, त्यांच्या हातावर ठेवली होती.

एका रविवाराआड हे तिघं जमतात. प्रत्येक जण आपली पेटी टॉवेलमध्ये गुंडाळून आणतो आणि दिवाणावर अशा बेताने ठेवतो की बघणाऱ्याने वाकून "कुणावर गेलंय?" असं विचारावं. मग तुलना सुरू. कुणाच्या पेटीत किती आवाज, कुणाच्या पेटीची बासरी श्वास घेते आणि कुणाची नुसतीच शिट्टी मारते, कुणाचं मॉडेल बंद पडल्यामुळे दुर्मिळ झालं आणि कुणाचं दुर्मिळ असल्यामुळे सारखं बंद पडतं.

"तुझ्या व्हायोलिनला सर्दी झालीय," मास्तर म्हणणार.

"तुझं व्हायोलिन आहे कुठे? ते तर दार वाजतंय," लिफ्टवाला म्हणणार. "तेल घाल बिजागरीला."

मग परीक्षा. दोघांनी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसायचं, तिसऱ्याने पेट्या बदलत चार सूर वाजवायचे, आणि त्यांनी आवाजावरून पेटी ओळखायची. एकदा असेच दोघं पाठ फिरवून बसले होते. वाजवणारा मास्तर वायर शोधत टेबलाखाली वाकलेला. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि तिच्या हातून चमचा बशीवर पडला.

दोघांनी माना तिरप्या केल्या.

"ही तुझी जुनी लाल पेटी," लिफ्टवाला डोळे मिटूनच म्हणाला. "घंटेचा आवाज. पण मागे लांबत जाणारी शेपूट सुंदर आहे याची."

"लाल नाही," लेक म्हणाला. "लालच्या घंटा इतक्या खऱ्या वाटत नाहीत. परत वाजव."

आईने पुन्हा चमचा पाडला. काय करणार, पोरं तल्लीन झाली होती.

हसू येतं खरं, पण आईला एक काळजी होती आणि ती वर्षानुवर्षं होती. या खोलीतून तिला आवाज हजार ऐकू यायचे, गाणं एकही नाही. तेच चार सूर. चार सूर वाजवायचे, थांबायचं, बटण फिरवायचं, पुन्हा तेच चार सूर. पाचवा सूर म्हणून असतो हे या तिघांना आठवत तरी असेल का, असं तिला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाटायचं. लेक बहुतेक विसरलाय. हातांना सवय राहिली नाही की हातच जातो. आईने याबद्दल कुठेतरी वाचलंही होतं. बोटांच्या शिरांबद्दल होतं ते, पण तिने ते मनाला लावून घेतलं होतं. आईचं वाचन साधारण असंच असतं.

कारण एके काळी तो गाणी वाजवायचा. अख्खी. लाँड्रीच्या वरच्या खोलीत सर गिटार शिकवायचे. हे तिघंही त्यांचेच विद्यार्थी. आई त्याला पोचवायला आणि आणायला जायची आणि मधला वेळ जिन्यात बसून काढायची. खालून इस्त्रीची वाफ आणि वरून गिटार. एकदा सर जिन्यात आले आणि म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा बोलत काही नाही, पण त्याचा हात गोड आहे. सांभाळा." आईने दुसरं काही सांभाळलं की नाही कोण जाणे, ते वाक्य मात्र सांभाळलं.

आणि आता सर चालले होते. वय झालेलं, ऐकायला कमी येऊ लागलेलं, एकटे किती दिवस राहणार? दूरच्या शहरातली मुलगी येऊन सामान बांधत होती. शेवटच्या रविवारी जुने विद्यार्थी भेटायला यावेत, असं ठरलं. सरांची कवळी लेकानेच केलेली. ती घासून घ्यायला ते आदल्या महिन्यात आले होते तेव्हा जाता जाता घरी डोकावले.

"त्या दिवशी त्याने एक गाणं वाजवावं," सर आईला म्हणाले. "पहिलं शिकवलं होतं ते. अख्खं. पुढे ऐकायला मिळेल न मिळेल."

"सांगते," आई म्हणाली. आणि त्या क्षणापासून तिचा जीव टांगणीला लागला.

लेकाने ऐकलं. मग त्याने दोघांना फोन केला. त्यानंतरचे सगळे रविवार मागच्या खोलीत युद्धाची आखणी चालली. गाणं अगदी साधं. शिकायला लागलेल्या पोराला पहिल्या महिन्यात येतं असं. पण सुरुवात बासरीने करायची की ऑर्गनने? कडव्याच्या मागे व्हायोलिनं हवीत का? असली तर किती? शेवटच्या ओळीला जुन्या कपाटाचा बसलेला घसा द्यायचा की काचेचा? तिघांनी तीन गिटारी वाजवून पाहिल्या तर तीन पेट्यांच्या तीन बासऱ्या तीन वेळी विचार करून वाजू लागल्या. म्हणून ठरलं की गिटार एकच, पेट्या तिन्ही. लेकाने वाजवायचं, बाकी दोघांनी पायाशी बसून आवाज बदलायचे.

"सहा माणसांचं काम आपण तिघं करतोय," मास्तर अभिमानाने म्हणाला.

"एका माणसाचं," सूनबाई बाहेरून म्हणाली. ती दवाखान्यात एक्स-रे काढते. आरपार बघायची तिला सवय आहे.

आता एकच गिटार, तर कुणाची? पट्टी तिघांच्याही गिटारीला होती. आधी ठरलं लिफ्टवाल्याची, कारण तिचे कान सगळ्यांत तीक्ष्ण. मग मास्तर म्हणाला तिची मान जाड आहे, कवळीचा हात आखडेल, माझी घ्या. मग लेक म्हणाला हाताला माझीच सवयीची. शनिवारी दिवसभर यावर फोन चालू होते. एवढं सगळं चालू होतं, पण त्या अवधीत गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही वाजलं नाही. आई दाराशी कान देऊन होती. तिला खात्रीने सांगता येईल.

रविवारी सकाळी लेकाने आईला समोर बसवलं.

"आई, आज एक कर. आज 'घेतलंस का' विचारायचं नाही."

"मी कधी विचारते?"

लेकाने आणि सूनबाईने एकमेकांकडे पाहिलं.

"चार्जर घेतलास का, रुमाल घेतलास का, पाणी घेतलंस का," सून म्हणाली. "आई, परवा मी कचरा टाकायला खाली चालले होते, तर तुम्ही विचारलंत, किल्ली घेतलीस का, फोन घेतलास का."

"आणि किल्ली घेतली नव्हतीस."

"ती गोष्ट वेगळी."

"माझं डोकं आज आधीच भिरभिरतंय," लेक म्हणाला. "तू विचारलंस की मी घेतलेलं पण विसरतो. वचन दे."

आईने वचन दिलं. तोंडाला कुलूप लावलं. तिघं पेट्या उचलून न्यायला लागले: टॉवेलमधल्या पेट्या, पायाने दाबायची बटणं, वायरींची भेंडोळी, एक वायर तुटली तर दुसरी, दुसरी तुटली तर तिसरी, स्पीकर, विजेचं एक्स्टेन्शन, एक्स्टेन्शनचं एक्स्टेन्शन. लिफ्टवाल्याच्या कामाच्या टेम्पोत ते सगळं चढलं. आई कुलूप लावायला मागे राहिली. मागच्या खोलीत डोकावली तर लेकाची गिटार, पट्टीवाली, आपल्या स्टँडवर आरामात उभी होती.

आईने तोंड उघडलं. मग तिला वचन आठवलं. मग तिला हेही आठवलं की काल फोनवर "बरं, तुझी" असं काहीतरी ती ऐकून होती. म्हणजे दुसऱ्याची ठरली असणार. तीन मोठी माणसं आहेत, एक जण शाळेत शिकवतो. तिने तोंड मिटलं आणि दाराला कुलूप लावलं.

सरांच्या घरातली बैठकीची खोली ओळखू येत नव्हती. भिंतींवर चित्रांचे चौकोन राहिले होते, चित्रं खोक्यांत गेली होती. दाराशी सामान नेणाऱ्यांचा ट्रक उभा. जुने विद्यार्थी, आता टक्कल पडलेले आणि चष्मा लागलेले, खोक्यांवर बसले होते. मधोमध एकुलत्या एका खुर्चीत सर. तिघांनी कोपऱ्यात पेट्या मांडायला घेतल्या. मांडणी इतकी भव्य होती की शेजारच्या घरातल्या बाई खिडकीतून विचारून गेल्या, फोन दुरुस्त होतायत का.

दिवे लागले. हिरवे, निळे, तांबडे. लेकाने जाड वायर उचलली, तिचं एक टोक पेटीत खोचलं आणि दुसरं टोक हातात धरून वळला.

"दे," तो लिफ्टवाल्याला म्हणाला.

"काय?"

"गिटार."

लिफ्टवाल्याने मास्तरकडे पाहिलं. मास्तरने लेकाकडे पाहिलं. आईला आत्ताच सगळं कळलं होतं आणि त्यांना अजून कळायचं होतं. त्यांच्यात आणि कळण्यात त्या पेट्यांसारखाच एक मधला क्षण होता.

"तुझी ठरली होती ना," लिफ्टवाला म्हणाला. "हाताला सवयीची."

"ते दुपारी. संध्याकाळी मी म्हटलं, बरं, तुझी आण."

"ते मला म्हणालास?"

"मग कुणाला?"

"मला म्हणालास," मास्तर म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा गेला नाही. "पण त्यानंतर मी मेसेज टाकला होता की माझ्या पट्टीचा चौथा कान गेलाय. त्यावर तुम्ही दोघांनी 'ठीक' म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलंत."

तिघं गिटारिस्ट, तीन पेट्या, पेट्यांना पुरून उरतील एवढ्या वायरी, आणि गिटार नाही. खोक्यांवर बसलेल्यांपैकी कुणीतरी आधी हसलं. मग सगळेच हसले. सरांना ऐकू आलं नाही, पण तेही हसले. लेक हसला नाही. तो वायरीचं टोक हातात धरून तसाच उभा होता, आणि त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी गाणं चुकलेल्या दिवशी लाँड्रीचा जिना उतरताना व्हायचे तसे.

"सर, तुमची कुठे आहे?" त्याने ओरडून विचारलं.

"ट्रकमध्ये," सरांची मुलगी म्हणाली. "सगळ्यांत आत. कपाटांच्या मागे. आणि आमचा ट्रक नि तुमचा टेम्पो एकमेकांना असे अडकलेत की तुमची गाडीपण निघायची नाही."

"मी आणते," आई म्हणाली. "किल्ली माझ्याकडे आहे."

सूनबाई आईला स्कूटरवरूनच घेऊन आली होती; तिने ती पुन्हा काढली. आई मागे बसली. सिग्नलला सून म्हणाली, "आई, तुम्हाला दिसली होती ना ती?"

"दिसली होती."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत."

"वचन दिलं होतं."

"कमाल आहे तुमची," सून म्हणाली, आणि हसण्यामुळे स्कूटर हलू लागली.

घरात मागच्या खोलीत पट्टीवाली गिटार उभी होती. काळी, गुळगुळीत, तारांखाली सहा कान टवकारून. आई तिच्यासमोर जरा वेळ उभी राहिली. मग ती स्टूल घेऊन बेडरूममध्ये गेली आणि कपाटावरून दुसरी काढली. पिवळ्या लाकडाची, पोकळ पोटाची, कडेला टवका उडालेली. लाँड्रीच्या जिन्यावरून ती आईनेच कितीदा खांद्याला लावून उतरवली होती. हिला पट्टी नव्हती, वायर खोचायला भोकही नव्हतं. ही फक्त वाजवली तर वाजायची.

सून दारात उभी होती. "आई, ती नाही. कान असलेली ही इकडे आहे."

"माहीत आहे."

"कान असलेली तर रोज तुम्हीच पुसता ना."

"रोज पुसते."

सून पुढे आली. तिने आईच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला, घडी घातला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "चष्मा घरी विसरला होता तुमचा," ती म्हणाली. "घाईत. चला."

सरांच्या घरी तोवर तिघांनी वेळ वाया घालवला नव्हता. बासरीच्या आवाजात आणखी थोडा श्वास भरला होता. आईने खोळ पुढे केली. लेकाने चेन उघडली आणि आत पाहतच राहिला.

"आई, ही?"

"का रे, ही नाही का?"

"हिला कुठे पट्टी आहे?"

"चष्मा विसरले मी," आई म्हणाली. आयुष्यभर कुणाला रुमाल विसरू न दिलेली बाई. सूनबाई खिडकीबाहेर बघत होती.

लिफ्टवाल्याने गिटार हातात घेऊन उलटी-सुलटी केली, एखाद्या लिफ्टला दारच नसावं तशी. "माईक समोर धरून आत घेता येईल," तो पुटपुटला. "मग तुझ्या पेटीतून—"

"वाजव रे," सर खुर्चीतून म्हणाले.

लेक खोक्यावर बसला. गिटार मांडीवर घेतली, खुंट्या पिळायला लागला. जुन्या तारा कुरकुरल्या आणि सगळ्यांत बारीक तार टणकन तुटली. त्याने मान वर केली. आईला वाटलं, संपलं. मी केलं हे. चांगली सहा कानांची गिटार सोडून मी ही आणली आणि आता तो वाजवणार नाही, आणि सर उद्या जातील.

"तुटली, सर," लेक म्हणाला.

"पाचवर वाजव. वरचे सूर मला तसेही ऐकू येत नाहीत."

मग त्याने सुरुवात केली. पहिले चार सूर वाजले आणि सवयीने त्याचा हात थांबला. सवयीनेच मास्तरचा हात बटण फिरवायला पुढे गेला. फिरवायला काही नव्हतं. आणि लेकाने पाचवा सूर वाजवला.

त्यानंतर जे झालं ते फार ग्रेट झालं असं नाही. तो अडखळला, एका ठिकाणी तार नसलेल्या जागी बोट गेलं, दुसऱ्या कडव्यात त्याला क्षणभर आठवेना. पण बोटांच्या खाली कुणी विचार करत नव्हतं. छेडली की वाजत होती. सरांनी खिशातून रुमाल काढला, तोंडातली कवळी काढून त्यात ठेवली आणि खुर्ची पुढे ओढून एक कान गिटारला जवळजवळ टेकवला. आणि ते गाऊ लागले. बोळक्या तोंडाने, शब्द निम्मे हवेत, पण सुरात.

गाणं संपलं. अख्खं. आईने ते मोजून-मापून ऐकलं होतं, एक ओळ गाळली गेली नव्हती.

"दुसऱ्या ओळीत अजून घाई करतोस," सर म्हणाले.

"हो, सर."

"हात आहे अजून." मग त्यांनी रुमालाकडे बोट दाखवलं. "ही चांगली केलीस. जेवायला उत्तम आहे. गायला मात्र मी काढतो."

लेक इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. डोळे पुसण्याचं कारण तेवढंच होतं की नाही, हे चष्मा नसल्यामुळे आईला नीट दिसलं नाही.

निघताना टेम्पोत पेट्या चढल्या, वायरी चढल्या, एक्स्टेन्शनचं एक्स्टेन्शनही चढलं. लेक आईजवळ येऊन उभा राहिला.

"विचार," तो म्हणाला.

"काय?"

"विचार ना."

"गिटार घेतलीस का?"

तिघंही टेम्पोकडे बघायला लागले. मग मास्तर पळत पळत आत गेला आणि खोक्यांमधून पिवळी गिटार घेऊन आला. ट्रकवाल्याने तिच्यावर सामानाची चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली होती.

माणूस एका दिवसात बदलतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने पुढच्या रविवारी घरी यायला हवं होतं. तिघं मागच्या खोलीत जमले होते, पिवळ्या गिटारीसमोर माईक लावला होता आणि तिचा आवाज पेटीत हुबेहूब उतरवायचं काम चाललं होतं.

"जवळपास जमलंय," लेक आत येऊन आईला सांगत होता. डोळ्यांत तीच चमक, एखादी अवघड छटा जुळत आली की असते ती. "लाकडाचा आवाज आला, पोकळीचा आला. थोडंसं काहीतरी राहतंय."

"मग ती समोरच आहे की. तीच वाजवा."

"तसं नाही, आई. मुद्दा तो नाही."

मुद्दा काय होता ते आईला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. उरलेलं थोडंसं काहीतरी पेटीच्या नव्या अपडेटमध्ये मिळेल, असं मास्तरने कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी ते सुरू केलं. पेटीच्या पडद्यावर एक रेघ उमटली आणि खाली सूचना आली की काम पूर्ण होईपर्यंत कशालाही हात लावू नये. तिघं हात मागे बांधून तिच्याकडे बघत बसले. रेघ पुढे सरकेना. लिफ्टवाल्याने जांभई दिली. मास्तरने चहाची चौकशी केली. लेकाने इकडेतिकडे पाहिलं आणि दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून पिवळी गिटार मांडीवर घेतली. नवी तार त्याने कधी बसवली होती कुणास ठाऊक.

स्वयंपाकघरात आईने गॅस बारीक केला. मागच्या खोलीत चार सूर वाजले. मग पाचवा. मग पुढचे. दुसऱ्या ओळीत त्याने घाई केली नाही.

"झालं का रे अपडेट?" कडवं संपल्यावर मास्तरने विचारलं.

"निम्मंपण नाही," लिफ्टवाला म्हणाला. "वाजव तू, वेळ आहे."

आईने चमचा बशीवर पडू नये म्हणून तो ट्रेमधून काढून ठेवला, आणि त्या पेटीला सावकाश, अगदी सावकाश चालण्याची बुद्धी व्हावी अशी इच्छा करत ती चहा उकळू देत राहिली.